सहावा रकाना

नकाशा उलगडला की टेबल पुरत नाही,
म्हणून सोयाची बाटली खाली, चष्म्याचं घर खाली,
आणि पूर्वेकडचं टोक तोमोएच्या मांडीवर.
कुरोगानेची धार. एकोणीस किलोमीटर.
दुरून साजरे दिसतात म्हणे डोंगर;
कागदावरून तर आणखीच.

उंचीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात
तिथे ती नख टेकवते. "इथे साखळ्या."
माहीत आहे, मी म्हणते.
"आणि पाऊस आला तर?"
पाऊस आला तर आपण इथेच, मुळ्याचं लोणचं खात.

नकाशावर छापलंय: नऊ तास दहा मिनिटं.
छापणाऱ्याचे गुडघे किती वर्षांचे, ते छापलेलं नाही.
आम्ही तासामागे बारा मिनिटं चढवतो,
माझ्या डाव्या पायाची सात,
तिच्या फोटोंची पाच.
झाले अकरा तास.
नोव्हेंबरचा सूर्य साडेचारला दुकान बंद करतो,
तेव्हा पहाटे पाचला निघायचं, कपाळावर दिवा बांधून.

पहिले दोन तास सुगीचं रान,
आमच्या बापांनी ओळीत लावलेलं,
शाळेच्या कवायतीसारखं. तिथे बघण्यासारखं काही नाही,
तिथे फक्त चढायचं.
मग बीच. पानं गळून गेली असतील, उजेड खालपर्यंत येईल.
मग छातीइतका बांबू,
ज्यात पाऊलवाट पायांनीच शोधावी लागते
आणि अस्वलाला आपण आधी ऐकू यावं लागतं.
तोमोएची घंटा तिच्या मांजराने नाकारलेली आहे.
अस्वल काय म्हणेल कोण जाणे.

झरा दाखवलाय निळ्या थेंबाने.
थेंबावर माझा विश्वास नाही.
तीन लिटर पाणी पाठीवर घ्यायचं म्हणजे घ्यायचं.

आता खिंड.
शेंडा मोडलेल्या हेमलॉकपाशी बारापर्यंत पोचलो नाही
तर दक्षिणेच्या वाटेने खाली, लाकूडतोड्यांच्या रस्त्याला.
"साडेबारा," ती म्हणते.
बारा.
"वरून समुद्र दिसतो, आणि तू बारा म्हणतेस!"
मागच्या वर्षी हे भांडण आम्ही खिंडीतच केलं,
ओले मोजे, निळे ओठ,
आणि जी जास्त दमली होती तीच जास्त हट्टाला पेटली होती.
ती मी होते.
म्हणून यंदा इथे भांडून घेतो,
चहा गरम आहे तोवर.
सव्वाबारावर मिटलं. शाईने लिहिलं.

उरला पोलिसांचा अर्ज,
वाटेच्या तोंडाशी पेटीत टाकायचा.
नाव. वय (तोमोएने एक वर्ष खाल्लं, मी बोलले नाही).
मार्ग. अन्न. दिवा आहे, नाही.
रकाना सहावा: परत न आल्यास कोणाला कळवावं?

तपासायला अर्जांची अदलाबदल केली.
तिने माझं नाव लिहिलं होतं.
मी तिचं.

आधी हसलो, पार ठसका लागेपर्यंत.
मग हसू ओसरलं, आणि रकाना तसाच.
माझी लेक ओसाकाला. ती आधी रागवेल, मग रडेल,
या सगळ्यात मध्यरात्र उलटेल.
तिच्या भावाला फोन ऐकू येत नाही.
इमारतीतला तो शिक्षक? त्याचं नावही नीट ठाऊक नाही आम्हाला.

शेवटी हिसानोबू.
पलीकडच्या पायथ्याहून पाच वीसची शेवटची बस तोच आणतो.
औषधांच्या दुकानात असताना
गाडी लागू नये म्हणून मी त्याला गोळ्या द्यायचे, गुपचूप,
ड्रायव्हरची लाज राखत.
फोन केला.
"तीन मिनिटं थांबेन," तो म्हणाला, "चौथं नाही.
थांब्यावर दिसला नाहीत तर बस तिथेच उभी करून
चौकीला फोन करतो."
उतारू ओरडतील रे.
"ओरडू देत. माझ्या पोटाचं गुपित फुटण्यापेक्षा बरं."

त्याचं आडनाव लांब, रकाना चिंचोळा.
तोमोएने दोन्ही अर्जांवर नंबर लिहिला
आणि नावाच्या जागी:
पाच वीसची बस.